अरोवानाचा श्रावण

आधीच सांगून टाकतो. अरोवाना या पाळीव माशासाठी खाद्याचे दाणे घ्यायला गेलात तर पाकिटावर ‘फ्लोटिंग’, म्हणजे तरंगणारे, लिहिलंय का ते बघा. एवढं एक वाक्य मला कोणी वेळेवर सांगितलं असतं, तर गेल्या श्रावणातले माझे नऊ दिवस आणि आईशी झालेली निदान चार भांडणं वाचली असती.

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी सहा बाय दोन बाय दोनची टाकी आहे, साधारण ६८० लिटरची. त्यात एक सिल्व्हर अरोवाना, पावणेदोन फुटांचा, आणि टायगर ऑस्कर जातीचे दोन मासे. (अरोवाना तीन फुटांपर्यंत वाढतो आणि ही टाकी त्याला पुरायची नाही, हे मला माहीत आहे. टोमणे नकोत, पैसे जमवतोय.) अडीच वर्षं हे तिघं रविवारच्या पिशवीवर जगले. पिशवी म्हणजे दुकानातले खुराकाचे छोटे गोल्डफिश, आणि मधूनमधून बाजारातले झिंगे, म्हणजे कोळंबी. गोल्डफिश पाण्यात सोडले की गल्लीतले पोट्टे काचेला नाक लावून उभे राहायचे. झडप बसली की आरडाओरडा. मजा मलाही यायची, खोटं कशाला बोलू!

जानेवारीत त्याच पिशवीतून पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घरी आला. हीटर ३० अंशांवर ठेवून, मीठ घालून, पाणी बदलून दोन आठवडे काढले. तेव्हा वाचायला बसलो आणि कळलं की रोग हा त्यातला लहान भाग. गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते खाणाऱ्या माशाचं बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. महिनोन्‌महिने तेच खाल्लं तर मासा खाणं सोडतो, पोहताना तोल जातो. गोठवल्यानंही ते एन्झाइम जात नाही. कोळंबीच्या काही जातींतही ते असतं, म्हणून नुसत्या झिंग्यांवर मासा ठेवणंही बरोबर नाही. शिवाय दुकानातले हे गोल्डफिश स्वतःच चार दिवसांचे उपाशी, त्यांच्या पोटात काही नाही तर आपल्या माशाला काय मिळणार?

तरी मी चालढकल करत आषाढ काढला. खरी सक्ती श्रावणाने केली. आमच्याकडे श्रावणात घरात मासळी येत नाही, आणि त्याच्या आदल्या वर्षी फ्रीजमधल्या झिंग्यांच्या डब्यावरून जे झालं होतं ते पुन्हा नको होतं. ठरवलं, पहिल्या दिवसापासून दाणे.

दुकानदाराला विचारलं तर तो हसला. “भाऊ, अरोवाना म्हणजे लाईव्हच. दाण्यावर हा मासा मरते.” तरी हट्ट धरला, तेव्हा त्याने मोठ्या पोत्यातून सुटे दाणे पिशवीत भरून दिले. ना नाव, ना तारीख. “अरोवानाचेच आहेत.” दर रविवारी पिशवी विकणारा माणूस दाण्यांची शिफारस कशाला करेल, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं.

ऑस्कर तिसऱ्या दिवशी दाणे खायला लागले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

अरोवाना मात्र बघायचासुद्धा नाही. मी दाणे टाकायचो, ते त्याच्या हनुवटीखालून तळाला जायचे, खाली ऑस्कर ते मटकावायचे. दुसरा दिवस, चौथा, सहावा. मी काचेसमोर स्टूल टाकून बसायचो. ऑफिसातून आलो की आधी टाकी. आई रोज संध्याकाळी दिवा लावताना टाकीकडे पाहायची आणि माझ्याकडे. “लक्ष्मीचा मासा म्हणून आणला नं तू? अन् त्यालेच उपाशी ठेवून राहिला?” घरात सगळ्यांचे उपास चालूच होते, माशाचा उपास तेवढा कोणाला पटत नव्हता. शेजारच्या काकू सोमवारी प्रसाद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, थोडी साबुदाण्याची खिचडी टाकून पाहा.

दहाव्या दिवशी मित्राचा धाकटा भाऊ घरी आला. तो तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकतो. टाकीसमोर दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, याचं तोंड पाहिलं का तुम्ही कधी?”

अडीच वर्षांत पाहिलं नव्हतं. अरोवानाचा जबडा वरच्या बाजूला उघडतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि काठावरच्या फांदीवरचे किडे उडी मारून तोडतो. ब्राझीलमध्ये त्याला पाण्यातलं माकड म्हणतात. त्याच्यासाठी खाली बुडणारा दाणा म्हणजे अन्नच नाही. नऊ दिवस मी त्याला जमिनीवरचे आंबे दाखवत होतो आणि तो झाडाकडे बघत होता.

खाद्याच्या तरंगणाऱ्या काड्या आणल्या, सीलबंद. याने काडी तोंडात घेतली आणि थुंकली. दुसरी, थुंकली. असं पाच दिवस. पंधराव्या रात्री माझा धीर सुटला. एका मित्राच्या टाकीतले तीन गोल्डफिश मागून आणले आणि घरचे झोपल्यावर सोडले. तीन सेकंदांत तिन्ही गट्टम. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! आणि सकाळी कळलं काय करून बसलो ते. पुढचे चार दिवस हा गडी काड्यांना तोंडही लावेना. रात्री जिथून पिशवी ओतली होती त्या कोपऱ्यात जाऊन वाट बघत बसायचा. म्हणजे आधीचे सगळे दिवस पाण्यात.

तुमच्यावर हा प्रसंग आला तर एवढं लक्षात ठेवा: धडधाकट मोठा मासा दोन आठवडे सहज उपाशी राहतो. पिल्लू असेल तर हा हट्ट करू नका, पिल्लांना रोज खायला लागतं. डोक्यामागचा भाग बसका दिसायला लागला, पोट आत गेलं, तर थांबा. नाहीतर घड्याळाकडे नाही, माशाच्या अंगाकडे बघा. मी कॅलेंडर बघत होतो.

शेवटी उपाय त्या पोरानेच सांगितला. सोललेल्या झिंग्याच्या तुकड्यात काडीचा चुरा भरायचा आणि लांब चिमट्याने पाण्याच्या वरच्या थरात हलवत धरायचा. ऑस्करना आधी दुसऱ्या टोकाला खाऊ घालून गुंतवायचं. म्हणजे विसाव्या दिवशी पुन्हा झिंगे! आईने अटी घातल्या: डबा मित्राच्या फ्रीजमध्ये, चिमटा अंगणातल्या नळावर धुवायचा, स्वयंपाकघरात पाऊल नाही. मान्य केल्या. पहिले तीन दिवस झिंगा जास्त, चुरा नावाला. मग रोज झिंगा कमी. अठ्ठाविसाव्या दिवशी काडीला नुसतं झिंग्याचं पाणी लावलं आणि त्याने ती गिळली. थुंकली नाही. मी स्टुलावरून उठलो नाही, परत थुंकेल म्हणून.

एक राहिलंच. पावसाळ्यात दिव्याभोवती किडे येतात, घरात झुरळं असतात, ते टाकायचा मोह होतो. टाकू नका. झुरळावर कोणी काय फवारलंय आणि शेतातल्या नाकतोड्याने काय खाल्लंय, सांगता येत नाही. चिकनचे तुकडेही नकोत, जमिनीवरच्या प्राण्यांची चरबी माशांना नीट पचत नाही. पाकिटावर पहिला घटक फिश मील (सुक्या मासळीची पूड) हवा आणि प्रथिनं ४० टक्क्यांच्या वर. फोडलेलं पाकीट हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेलं खाद्य खवट होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते, इडापिडा घेऊन जा म्हणून पुतळे नेतात; त्या दिवशी सकाळपासून गल्लीत ढोल. टाकीचं पाणी थरथरत होतं, म्हणून झाकणावर दोन विटा ठेवल्या, बिचकला की अरोवाना उडी मारतो. बाहेर “घेऊन जा गे मारबत” चाललं होतं, मी मनातल्या मनात त्यात सुट्या दाण्यांचं पोतं घातलं. दुपारी आवाज कमी झाल्यावर काड्या टाकल्या. चार खाल्ल्या, सुक्या, काही न लावलेल्या. आई दारात उभी होती.

“खाल्लं?”

“चार.”

“मग तुझ्या मित्राकडचे उरलेले झिंगे घेऊन ये आता. श्रावण गेला.”

हल्ली आठवड्यातून चार दिवस काड्या, एक दिवस तिलापियाचा किंवा झिंग्याचा तुकडा, दोन दिवस काही नाही. पाच मिनिटांत जे उरेल ते जाळीने काढून टाकतो. मे महिन्यात पाणी ३३ अंशांवर गेलं तेव्हा खाणं निम्मं केलं आणि हवेचा दुसरा पंप लावला, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि भरल्या पोटी माशाला तो जास्त लागतो.