तुम्ही विचारलंत म्हणून: तीच धून वीस वेळा का?

"तीच धून वीस वेळा? कंटाळा नाही येत?" माझं ॲपलॅचियन फिडल, म्हणजे अमेरिकेतल्या ॲपलॅचियन डोंगराळ भागातलं व्हायोलिनवरचं लोकसंगीत, ऐकलेला प्रत्येक पाहुणा हेच विचारतो. पुण्यात दहा वर्षं व्हायोलिन शिकलेली बाई यात रमते, हे कुणाला पटत नाही. या संगीतातल्या कितीतरी धुनांसाठी तारा ए-ई-ए-ई लावतात, म्हणजे आपलं सा-प-सा-पच, हे सांगूनही नाही.

मलाही पटलं नव्हतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या सरी काउंटीत एका ओसरीवर 'सॅली ॲन' ही नाचाची धून चालली होती. तिसऱ्या फेरीला मी हरकती घेऊ लागले, पाचव्या फेरीला सरळ तान मारली. समोर फिडल वाजवणारे आजोबा माझ्याकडे बघायचे थांबले. धून संपल्यावर हळूच म्हणाले, "छान वाजवतेस, पोरी. पण नाचणाऱ्यानं पाय कुठं टाकायचा?" कानशिलं तापली. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, यांना संगीतातलं काय कळतंय! हे मी बोलले होते. आज लिहिताना लाज वाटते.

पुढे कित्येक शनिवार मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत बसले. सूर जवळपास तेच, बदलत होता तो गज. या फेरीला तीन सूर एका ओढीत, पुढच्या फेरीला सुटे. एखादा सूर ठोक्याच्या जरा आधीच येऊन बसायचा. कधी एक सूर गाळून नुसती मोकळी तार घुमवायचे. त्याच काउंटीतले फिडलवादक टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) यांची रेकॉर्डिंगं त्यानंतर मला नीट ऐकू आली.

मग मीच सगळ्यांना सांगत सुटले, बदल बारीकच हवा. पण केंटकीचे फिडलवादक विल्यम स्टेप यांचं काय? 'बोनापार्ट्स रिट्रीट' ही धून बाकीचे संथ, लष्करी चालीत वाजवायचे. १९३७ साली लोकसंगीत गोळा करणारे ॲलन लोमॅक्स यांच्या रेकॉर्डिंग यंत्रापुढे स्टेप यांनी ती भरधाव सोडली. त्याच वादनावरून अमेरिकन संगीतकार ॲरन कोपलँड यांनी 'रोडिओ' या बॅलेतलं (१९४२) 'हो-डाउन' रचलं. स्टेप यांची ती एका दिवसाची धाव आता ऑर्केस्ट्रे कागदावरून वाजवतात.

मग माझी तानच तेवढी चुकीची? स्टेप यांच्या धावेवर नाचता येतं, असं मी स्वतःला समजावते. तरी ती तान वाईट नव्हती, असं अजूनही वाटतं.

आणि कंटाळ्याचं म्हणाल, तर माझा गज मोकळा व्हायलाच दहा-बारा फेऱ्या लागतात. तुम्ही सातव्या फेरीला उठता. एकदा बसून बघा ना शेवटपर्यंत.