कान्नेची टेकडी आणि रोमन रांगांमधल्या फटी

इटलीतल्या बार्लेत्ता स्टेशनवरून गाडी केली आणि थोड्याच वेळात द्राक्षांचे मळे सुरू झाले, मग ऑलिव्हची झाडं, आणि मग ती टेकडी. कान्ने देल्ला बत्ताल्या, म्हणजे लढाईचं कान्ने. इ.स.पू. २१६, २ ऑगस्ट, इथंच कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमची आठ लीजन, म्हणजे हजारो सैनिकांची आठ मोठी दलं, एका दिवसात कापून काढली. मी मुद्दाम ऑगस्टच निवडला होता कारण मला तेच ऊन आणि तोच वारा हवा होता. बाबा सोबत होते, तीस वर्षं शाळेत पीटी शिकवलेले, त्यामुळे रांगा हा त्यांचाही जिव्हाळ्याचा विषय.

वर जुन्या गावाचे अवशेष आहेत, एक दगडी खांब उभा आहे, आणि खाली सपाट मैदान, त्यातून ओफान्तो नदी समुद्राकडे जाते. छोटं म्युझियम पण आहे, त्यातली इथल्या जुन्या दाउनी लोकांची मातीची भांडी छान आहेत पण माझं लक्ष बाहेरच होतं. इथं खोदताना खूप सांगाडे मिळाले तेव्हा लोकांना वाटलं की हेच ते लढाईतले मेलेले, नंतर कळलं की ती मध्ययुगातल्या गावाची दफनभूमी आहे.

सावलीत बसून डबा खाल्ला आणि ऑलिव्हच्या बिया दगडी कठड्यावर मांडून मी बाबांना समजवायला लागले. रोमन लोक आधी फॅलँक्समध्ये लढायचे, म्हणजे ढालीला ढाल भिडवून भिंतच, ग्रीकांसारखी. ही भिंत सपाटीला भारी, पण डोंगरात सॅमनाइट लोकांशी लढायची वेळ आली की चढउतारावर तुटणार, मग त्यांनी ती भिंत मोडून छोट्या तुकड्या केल्या असं मानतात. तुकडीला म्हणतात मॅनिपल, १२० माणसं. पुढे हस्ताती, त्यांच्यामागे प्रिन्किपेस, आणि सगळ्यात मागे म्हातारे अनुभवी त्रिआरी, लांब भाले घेऊन गुडघ्यावर बसलेले, त्यांच्या तुकड्या मात्र ६० च्या. बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी, पुढच्या दोन तुकड्यांमधली फट मागची तुकडी झाकते.

बाबा म्हणाले, "अगं पण मग फटीतून शत्रू घुसणार नाही का?"

"घुसेल ना बाबा, पण घुसला की समोर प्रिन्किपेस आणि दोन्ही बाजूंना हस्ताती. आणि पुढचे दमले की त्याच फटीतून मागे येतात, ताज्या दमाचे पुढे जातात. भाला फेकायला हात मोकळा लागतो, तलवार चालवायला लागतो, पॉलिबियस हा जुना ग्रीक इतिहासकार सांगतो की एका माणसाला तीन फूट जागा."

बाबा उठले, हात पसरून उभे राहिले, आणि म्हणाले, "एक हात अंतर. ते नसेल तर कवायतच होत नाही."

मग मी बिया जवळ सरकवल्या. लढाईच्या दिवशी रोमचा कॉन्सुल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, व्हारो याने हेच केलं होतं, मॅनिपल नेहमीपेक्षा चिकटून उभे केले आणि रुंदीपेक्षा खोली कितीतरी पट वाढवली. ८०,००० च्या आसपास पायदळ होतं, बरेचसे नवे पोरं, समोरच्याकडे घोडदळ जास्त, त्यामुळे मधूनच रेटून फोडायचं असा विचार असावा, आणि तो अगदीच वेडा नव्हता. हॅनिबलने मधले गॉल आणि स्पॅनिश लोक पुढे फुगवून ठेवले होते, ते रेट्याने हळूहळू मागे गेले, रोमन त्यांच्या मागे आत आत ओढले गेले, आणि दोन्ही टोकांना थांबलेले आफ्रिकन आत वळले. मागून हॅनिबलचा सरदार हास्द्रुबाल याचं घोडदळ आलं. आता फटच नाही तर मागे जाणार कुठून? त्यात समोरून तोंडावर धूळ, रोमन इतिहासकार लिव्हीने लिहिलंय वाऱ्याबद्दल, आणि आम्ही बसलो होतो तिथं पण वारा इतका होता की बिया दोनदा उडाल्या.

लिव्हीच्या हिशोबाने ४८,००० मेले, पॉलिबियस ७०,००० म्हणतो. मला त्या आतल्या माणसांचा विचार सोडवेना, कडेचे मरतायत आणि मधल्यांना तलवार उचलायला जागा नाही, नुसतं वाट बघत उभं राहायचं.

जे वाचले त्यांना रोमने शिक्षा म्हणून सिसिलीत पाठवून दिलं, वर्षानुवर्षं घरी येऊ दिलं नाही. हा भाग सांगताना मला अजूनही वाईट वाटतं, कारण चूक त्यांची नव्हतीच. त्यांना बाहेर काढलं रोमन सेनापती स्किपिओने, तोही कान्नेतून जीव वाचवून आलेला, आणि १४ वर्षांनी, इ.स.पू. २०२ ला, आफ्रिकेत झामाच्या मैदानात परत हॅनिबल समोर. त्याच्याकडे ८० हत्ती. या वेळी स्किपिओने मॅनिपल एकामागे एक सरळ उभे केले, मधे गल्ल्या सोडल्या आणि त्या हलक्या वेलितेस सैनिकांनी भरून लपवल्या. हत्ती आले, वेलितेस बाजूला झाले, आणि बरेच हत्ती गल्लीतून सरळ मागे निघून गेले.

बाबांनी हे ऐकता ऐकता कठड्यावरच्या बिया परत मोजून मांडल्या, प्रत्येकीत बोटभर अंतर ठेवून. गाडीवाल्याने खालून हॉर्न दिला तेव्हा आम्ही त्या तशाच ठेवून उतरलो.