पसाभर गव्हाची गोष्ट

कॅनडातल्या सस्काटूनच्या वाचनालयात दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ बायका जमतो. काहीतरी लिहून आणायचं आणि वाचून दाखवायचं, एवढाच नेम. त्यातल्या एकीची पणजी युक्रेनमधून इथल्या माळावर शेती करायला आली होती. त्या पणजीचा एक फोटो आणि तिनं भरलेला एक रुमाल, एवढंच तिच्याकडे उरलंय. त्यावर ती तीन वर्षं कादंबरी लिहितेय. जानेवारीत, बाहेर उणे तीस असताना, तिनं मला विचारलं, "तू कोणासाठी लिहितेस?" मी म्हटलं, आजीसाठी. आणि मग मला रावेरी सांगावी लागली.

रावेरी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात. तिथलं देऊळ सीतेचं, एकट्या सीतेचं. रामानं टाकल्यावर ती तिथं राहिली, लव-कुश तिथंच झाले, असं लोक सांगतात. बाळंतिणीच्या पोटात अन्न नाही, म्हणून तिनं गावात पसाभर गहू मागितला. कोणी दिला नाही. तिनं शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही, आणि पुढे कितीतरी काळ तिथं गहू पिकला नाही म्हणतात. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या पुढाकारानं या देवळाचा जीर्णोद्धार झाला. कधी यवतमाळकडे गेलात तर नक्की जा.

आमचं गाव तिथून फार लांब नाही. दिवसभर कापूस वेचून आजी यायची, ओटी सोडायची, पाय लांब करून बसायची आणि मी पाय दाबायला लागले की ही गोष्ट निघायची. वनवास, रथ, लक्ष्मण हे सगळं ती दोन वाक्यांत उरकायची. थांबायची ती दाराशी. बाई उन्हातून आली. तिनं पदर पसरला. आत चूल पेटलेली होती, धूर छपरातून निघत होता, म्हणजे घरात माणसं होती. आणि मग आतून कोणीतरी कडी लावली. हळूच लावली. आवाज होऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं धरून लावली. हे शेवटचं सांगताना आजी हवेत दोन्ही हात करून दाखवायची.

मागच्या वर्षी मी यावर कथा लिहिली. काळ 1972 च्या दुष्काळाचा. कडेवर पोर घेतलेली तरुण बाई पायलीभर ज्वारी मागत दारोदार फिरते, हात हलवत परत येते, आणि म्हातारपणी नातवंडांना तेच सीतेच्या नावानं सांगते. ती बाई म्हणजे माझी आजी, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. बाहेर उभी राहिल्याशिवाय कडीचं असं वर्णन कोण करेल? इथून मसूर भरून गाड्या निघतात, त्यातली बरीच आपल्याकडेच येते. त्या गाड्या बघितल्या की मला तिचा रिकामा पदर आठवायचा. कथा लिहिताना मी रडले होते.

आईला फोनवर वाचून दाखवली. साडेअकरा तासांचा फरक, माझी रात्र आणि तिची सकाळ. ती शेवटपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "सगळं बराबर लिहिलं वं बाई. पन तुही आजी मागाले नोती गेली. कडी तिनंच लावली होती."

आई तेव्हा आठ वर्षांची. घरात खाणारी सात तोंडं आणि मडक्यात तळाला गेलेली ज्वारी. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तीही पुरायची नाही. आई चुलीपाशी बसली होती. तिथून तिला आजीचे दोन्ही हात दिसत होते.

मला हे आधीच कळायला हवं होतं. बाहेर उभ्या असलेल्या बाईला तो दुसरा हात दिसलाच नसता.

त्या रात्री मला झोप आली नाही. बाई लिहिते ती स्वतःवर झालेला अन्याय सांगायला, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण आमच्या विदर्भातल्याच, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली, त्यामागे सुरतेची विजयालक्ष्मी होती. स्वतःच्या तान्ह्या बाळाच्या हत्येच्या खटल्यात शिक्षा झालेली ती विधवा. तिला सगळ्यांनी नावं ठेवली आणि त्या रागातून ताराबाईंनी लेखणी उचलली. त्याही आधी सहाशे वर्षं, रिद्धपूरला महानुभाव पंथातल्या महदंबेनं धवळे, म्हणजे लग्नात गायची गाणी, रचले ते रुक्मिणीच्या लग्नाचे. कौंडिण्यपूरची रुक्मिणी, तिनं कृष्णाला पत्र धाडलं. बाई दुसरीच्या गोष्टीत शिरते, ते नेहमी स्वतःला लपवायला नसतं. कधी तिथं आपल्याला जे बोलता येत नाही ते ठेवायला जागा असते. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. 'मी कडी लावली' हे ती नवऱ्याला, लेकीला, देवाला, कोणालाच म्हणू शकली नाही. पण सीतेच्या गोष्टीत तिनं स्वतःला दाराच्या आत उभं केलं आणि दर वेळी शेवटी तो शाप स्वतःच्या तोंडानं उच्चारला. आम्ही नातवंडं समोर बसून ऐकत होतो. तिच्या कुशीत झोपत होतो.

मला तिचा राग आला नाही. सात तोंडं होती. पण ती पहिली कथा आता कुठे छापायला द्यायची नाही, हे मी ठरवलंय. ती खोटी नाही, पण तिच्यात मी आजीला जरा जास्तच बिचारी केलं होतं.

आईला विचारलं, "ती बाई कोण होती?"

"पल्याडच्या गावची असंल. कोनी इचारलं तिचं नाव?"

गेल्या गुरुवारी मी नव्या कथेचं पहिलं पान वाचलं. ते दाराबाहेर सुरू होतं. युक्रेनवाल्या पणजीची पणती ऐकून थोडा वेळ रुमाल भरल्यासारखी बोटं हलवत राहिली, मग म्हणाली, "मूल केवढं होतं?" मला सांगता येईना. घरी येऊन फोन लावला. आईनं बराच वेळ आठवलं.

"बसता येत होतं त्याले," ती म्हणाली. "ओट्यावर बसवलं होतं तिनं."