26 डिसेंबरची खेप

"साहेब, सुक्याचा कप्पा भरला. आता काय करू?"

हेल्पर पोरानं विचारलं तेव्हा आठ वाजून गेले होते, निम्म्या गल्लीचा कचरा उचलायचा बाकी होता आणि माझ्या कानाला फोन होता. मी फोनवर हात ठेवला आणि म्हणालो, "टाक वल्यात."

एवढंच बोललो. नाताळ होऊन तीन आठवडे झाले तरी ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

मी जालन्यात घंटागाड्यांवर मुकादम आहे, ठेकेदाराकडं. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या भागात, साडेतीनशेच्या आसपास घरं, त्यातली शंभरेक ख्रिस्ती. जालन्यातला ख्रिस्ती समाज आजचा नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री एकोणिसाव्या शतकात इथं आले, त्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं. तेव्हापासूनची घरं आहेत. करंज्या, चकल्या, अनारसे नाताळातही होतात आणि डबे शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांत जातात. दिवाळीचे डबे उलटे येतात.

गाडीचं गणित बाहेरच्यांना माहीत नसतं. ओला कचरा जड असतो पण बसतो, फावड्यानं दाबला की खाली जातो. सुका हलका असतो आणि फुगतो. रिकामा खोका कोणी फाडून देत नाही, जसाच्या तसा देतात. आमच्या छोट्या टिपरमध्ये मधे एक पत्रा असतो, एका बाजूला ओला, दुसऱ्या बाजूला सुका. रोजच्या दिवसाला तो पत्रा बरोबर जागी आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशी सुक्याची बाजू पहिल्या दोन गल्ल्यांतच भरते आणि ओल्याची निम्मी रिकामी राहते. त्यात आमच्या एका गाडीचा पत्रा गंजून खालून सुटलेला. ऑक्टोबरपासून मी वेल्डिंग करून द्या म्हणत होतो. सळयांचं गाव आमचं, अख्ख्या देशाचं भंगार इथं वितळतं, आणि एका पत्र्याला दोन टाके मारून मिळत नव्हते. कारण उघड आहे. ठेकेदाराचं बिल टनावर निघतं. काट्यावर वजन लागतं, ते वेगळं आहे की एकत्र हे काटा विचारत नाही.

नाताळाचा कचरा मी सहा वर्षं बघतोय आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्यातला सगळ्यात वाईट माल ख्रिस्ती घरांतून येत नाही. तो शाळांतून आणि दुकानांतून येतो. वीस-बावीस तारखेपासून थर्माकोलची बर्फाची माणसं, कापसाचे ढीग, चमकीच्या झिरमिळ्या येऊ लागतात. सजावटीचं थर्माकोल 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहे, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची पातळ फिल्मसुद्धा त्याच यादीत आहे. तरी पोरांना थर्माकोलचा प्रकल्प शाळेतूनच करायला सांगतात. जालन्यातल्या पोरानं बर्फ बघितलेला नसतो, पण थर्माकोलचा बर्फ त्याच्या आईला दोनशे रुपये खर्चून आणावा लागतो, आणि पाच दिवसांनी तो माझ्या गाडीत असतो. तो कुणी भंगारवाला घेत नाही. चुरा झाला की वाऱ्यानं उडतो आणि थेट कुंडलिकेच्या पात्रात जाऊन बसतो.

गिफ्टच्या कागदाचं तसंच. आमच्या शेडवर सुका कचरा निवडणाऱ्या मावशी हातानं ओळखतात. कागद मुठीत चुरगाळायचा आणि मूठ उघडायची. चुरगाळलेलाच राहिला तर रद्दीत जातो. हळूहळू उलगडून परत सरळ झाला तर त्यावर प्लास्टिकचा थर आहे, कागदाच्या गिरणीला तो चालत नाही. चमकी लावलेला असेल तर चुरगाळायचीही गरज नाही, हाताला लागते तेवढ्यावर बाजूला. एका गठ्ठ्यात असले पाच-सात तुकडे सापडले की व्यापारी सगळ्या गठ्ठ्याचा भाव पाडतो. लाइटिंगच्या जुन्या माळा आल्या की मी स्वतः उचलून ठेवतो. नाहीतर कोणीतरी आतल्या तांब्यासाठी त्या जाळतं, आणि तो काळा धूर शेडमागच्या झोपड्यांत जातो.

तर यंदा मी ठरवलं होतं की नाताळाआधीच घरोघरी जायचं. नोव्हेंबरात रोज संध्याकाळी दहा-बारा घरं केली. तेव्हाच्या 2016 च्या नियमात ओला, सुका आणि घातक असा कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं होतं, हे मी सांगायचो, लोक मान हलवायचे. खरं काम झालं ते एका आजींमुळे. दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य गेलेलं, वय पंच्याहत्तरच्या पुढं, आवाज अजून वॉर्डातलाच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन दुधाच्या पिशव्या दाखवल्या. धुऊन, दोरीवर चिमट्यानं वाळत घातलेल्या. आणि पिशवीचा कोपरा पूर्ण कापलेला नव्हता, थोडा चिकटलेला ठेवला होता.

"तो तुकडा गटारात जातो ना," त्या म्हणाल्या. "एवढुसा असतो, कोण उचलणार त्याला?"

सहा वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी ज्या घरी गेलो तिथं कोपऱ्याची गोष्ट सांगितली.

आजींनी मला एकच प्रश्न विचारला. "आम्ही वेगळं करू. तुम्ही गाडीत एकत्र करता का?"

मी म्हणालो, "आजी, माझा शब्द आहे. तुमचं सुकं वेगळंच जाईल."

त्यांनी तो शब्द घेऊन चर्चमधल्या बायकांसमोर ठेवला. रविवारची उपासना झाल्यावर बायका बसल्या आणि ठरवलं. नाताळाच्या जेवणाला पत्रावळी आणि थर्माकोलची ताटं नकोत, प्रत्येकानं घरून ताट-वाटी आणायची. झाडाला प्लास्टिकचं काही नको, सुरूची फांदी चालेल. गिफ्टचा कागद गेल्या वर्षीचा इस्त्री करून वापरायचा, नसेल तर जुन्या साडीच्या तुकड्यात बांधायचं. चांदणी तर आजींकडं कामट्यांचीच होती. पतंगाचा कागद फक्त दरवर्षी नवा, सांगाडा त्यांच्या मिस्टरांनी बांधलेला. 24 तारखेला मी गल्लीतून गेलो तेव्हा ती दारावर पेटलेली होती. आतला दिवा लाल कागदातून दिसायचा आणि एका कामटीवर सुतळीची जुनी गाठ होती, ती सावलीसारखी. मी थोडा वेळ उभा राहिलो. आपलं काहीतरी ह्या गल्लीत लागलंय असं वाटलं.

26 ला सकाळी साडेसहाला हजेरीवर गेलो तर दुसरी गाडी बंद. हायड्रॉलिकचा पाइप फुटलेला, ड्रायव्हरभाऊ गॅरेजला. म्हणजे दोन गाड्यांची बीट एका गाडीवर, आणि तीही सुटलेल्या पत्र्याची. ठेकेदाराचा फोन सुरूच. "दहाच्या आत बीट खाली पाहिजे, फोटो टाका." मी म्हणालो दोन खेपा कराव्या लागतील. तो म्हणाला, डिझेल कोण देणार?

तेवढ्यात पोरानं विचारलं आणि मी बोलून गेलो.

त्याच्या हातात त्या वेळी आजींचं पोतं होतं, हे मी शब्द तोंडातून गेल्यावर बघितलं. पांढरं साखरेचं पोतं, तोंड सुतळीनं बांधलेलं. पोरानं गाठ सोडली आणि उलटं केलं. घडी घातलेले गिफ्टचे कागद, दोन पुठ्ठे फाडून सपाट केलेले, पिशव्यांची गड्डी रबर लावून. सगळं कालच्या मटणाच्या हाडांवर आणि भाताच्या खरकट्यावर पडलं. रिकामं पोतं पोरानं झटकून आजींच्या हातात दिलं, कारण त्यांनी ते परत मागितलं होतं.

आजी दारातच होत्या.

"मुकादम, हे कुठं टाकू राहिले?"

"पुढं शेडवर वेगळं करतात आजी," मी म्हणालो.

खोटं बोललो. शेडवर वेगळं करतात हे खरं आहे, पण रश्शात भिजलेला कागद कोणी वेगळा करून उपयोग नसतो, हे मला माहीत होतं आणि त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. त्यांनी पोत्याची घडी घातली आणि आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी मी शेडवर गेलो. एरवी सणानंतर माझ्या बीटमधून दीडशे किलोपर्यंत विकायजोगा सुका निघतो. त्या दिवशी काट्यावर 40 किलोही भरला नाही. मावशींना रोजाशिवाय सुक्याच्या विक्रीतला वाटा मिळतो, म्हणजे नुकसान कोणाचं झालं ते समजा. त्यातल्या थोरल्या मावशीनं ढिगातून रबर लावलेली पिशव्यांची गड्डी उचलली, पाण्यात बुचकळून बघितली, परत हुंगली. मसाल्याचा वास जात नव्हता.

"कुणीतरी लई मायेनं धुतल्यात ह्या," ती म्हणाली. "मग असं कामून केलं?"

मी तिला सांगितलं नाही की मीच केलं.

रात्री झोप लागेना तेव्हा सुचलं, आणि तेच आता सगळ्यात जास्त टोचतं, कारण ते इतकं साधं होतं. त्या दिवशी फक्त ओला उचलायचा होता. सुकं दारात ठेवा, परवा येतो, एवढं सांगायचं होतं. सुका कचरा सडत नाही, त्याला वास येत नाही, तो थांबू शकतो. धुतलेली पिशवी आठ दिवस घरात राहिली तर काय बिघडतं? सहा वर्षं ह्या धंद्यात आहे मी, आणि गाडी भरली की मला एकच सुचतं, सगळं उचला. आम्हाला शिकवलंयच तसं. रस्ता रिकामा दिसला की काम झालं. फोटोत रस्ता येतो, गाडीच्या आत काय आहे ते येत नाही.

27 पासून आजींनी फक्त ओल्याची बादली द्यायला सुरुवात केली. सुकं मागितलं तर म्हणाल्या, "राहू दे घरात." एकतीस डिसेंबर गेला, नवीन वर्षाची उपासना झाली. त्यांच्या ओट्यावर पोती वाढत गेली, एक, दोन, चार. त्यांचं बघून गल्लीतल्या आणखी सात-आठ घरांनी द्यायचं बंद केलं. ठेकेदार मला म्हणाला, तुमच्या बीटचं वजन कमी येतंय. मी म्हणालो, पत्रा जोडून द्या. त्यानं न ऐकल्यासारखं केलं.

शेवटी 8 जानेवारीला मीच गाडी औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या वेल्डरकडं नेली. चारशे रुपये गेले. पत्रा तळापासून बसवला आणि वर जाळी वाढवली, म्हणजे सुकं उंच रचता येतं. पोराला सांगून ठेवलंय, सुक्याचा कप्पा भरला की मला विचारू नको, सुकं घ्यायचं थांब आणि घरांना परवाचा दिवस सांग.

दुसऱ्या दिवशी आजींच्या दारात गाडी उभी केली. काही बोललो नाही. आधी माफी मागायची असं ठरवून गेलो होतो, पण त्या सरळ गाडीकडं आल्या. चष्मा वर केला, टाचा उचलून आत डोकावल्या, नवीन वेल्डिंगवरून बोट फिरवलं. काळं लागलं ते पदराला पुसलं.

मग आत जाऊन एक पोतं घेऊन आल्या आणि स्वतःच्या हातानं सुक्याच्या बाजूला ठेवलं.

"बाकीची?" पोरानं विचारलं.

"काट्याची पावती आणून दाखव," त्या म्हणाल्या. "मग बघू."

पावती नेऊन दाखवली. काल दुसरं पोतं मिळालं. अजून दोन ओट्यावर आहेत.