मग-प्रेसची आंघोळ

आज ऑर्डर नव्हती, म्हणून मग-प्रेस (कागदावरचं चित्र उष्णतेने चहाच्या मगावर उतरवणारं यंत्र) साफ करायला घेतला. प्लग काढला, हीटर पार गार होऊ दिला आणि सुती फडक्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन हळूच पुसलं. फडकं निळं-गुलाबी! हीच उरलेली शाई १८० अंशांच्या पुढे पुन्हा वायू होते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र मगावर भलतंच भूत उमटतं. मगाभोवती बटर पेपर गुंडाळायला लोक कंजुषी का करतात, देव जाणे. चाकूने टेपचा चिकटा खरवडणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. हीटरवरचं सिलिकॉनचं आवरण फाटलं की हीटरच बदला!

चित्र कागदावर छापणाऱ्या प्रिंटरचं नाटक वेगळंच. चार दिवस बंद राहिला की नोझलमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांत, शाई सुकलीच. नोझल चेकमध्ये (छिद्रं तपासायच्या छापात) पिवळ्या रेघा तुटक होत्या. एकदा हेड क्लीनिंग केलं, म्हणजे प्रिंटरकडूनच छिद्रं साफ करून घेतली, रेघा सलग. उद्या शाळेच्या गॅदरिंगचे मग आहेत.