किती देऊ?

2009 ते 2020, अकरा वर्षं मी आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये तिकिटाच्या खिडकीवर बसलो. खिडकी म्हणजे हात जाईल एवढं भोक. गिऱ्हाइकाचं तोंड दिसायचं नाही. पिक्चर कोणत्या जातीचा आहे ते मला पोस्टरपेक्षा तो हात किती तिकिटं मागतो त्यावरून कळायचं.

मारधाडीला एक, फार तर दोन. प्रेमाच्या पिक्चरला दोनच, बाल्कनीतली कोपऱ्यातली, अन् तेही दबक्या आवाजात. भुताच्या पिक्चरला एकटा कोणी यायचाच नाही. देवाधर्माचा असला की सात, वरून "दोन पोट्टे मांडीवर बसतीन नं बावा" ही घासाघीस. आमचे म्हातारे डोअरकीपर सांगायचे, 1975 साली 'शोले'ला पोट्टे यायचे, 'जय संतोषी माँ'ला अख्खी घरं. बायका चपला दाराबाहेर काढायच्या.

'सैराट'नं माझा हिशोब मोडला. 29 एप्रिल 2016. वावरं रिकामी, शाळा सुटायच्या बेतात. आधी चार-चार मागणारे हात आले. आठवड्यानं तेच हात परत: "सहा दे, माय बी येतो म्हणते." आमचा कूलर बंद होता, तरी. मालकानं डीसीआरची, म्हणजे रोजच्या गल्ल्याच्या हिशोबाची, बेरीज दोनदा करायला लावली.

आता लोक म्हणतात, ऐतिहासिकच चालतं, बाकी मोबाईलवर. अर्धं खरं आहे. आमच्याकडं विषयाइतकाच महिनाही पाहावा लागते. 'बाईपण भारी देवा' 30 जून 2023 ला लागला तेव्हा आमच्या बायका पेरणीत होत्या. टॉकीज तर कोरोनात बसली ती उठलीच नाही. निंदणातून सवड मिळाल्यावर घरची अन् बचतगटातल्या आठ जणी गाडी करून अमरावतीला गेल्या. 'छावा' मात्र 14 फेब्रुवारी 2025 ला आला, ऐन मृगबहाराच्या संत्र्याचा पैसा हाती यायच्या दिवसांत. गावातून दोन गाड्या भरल्या.

22 सप्टेंबर 2025 पासून शंभरापर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 12 चा 5 टक्के झाला. चांगलं झालं. फक्त तालुक्यात आता तिकीट विकणारी खिडकीच नाही.

सवय मात्र गेली नाही. शुक्रवारी रात्री मोबाईलवर अमरावतीच्या शोचा सीटांचा नकाशा उघडून बसतो. कुठं चार सलग गेल्या, कुठं सात. कोपऱ्यातल्या दोन अजूनही आधी जातात.