निकाल राखीव! वकिलीची सनद मिळेपर्यंतचा माझा अनुभव

नोकरी सांभाळून तीन वर्षांची एलएलबी केली. मूट कोर्ट म्हणजे सरावाचे खोटे खटले, बारा आठवड्यांची इंटर्नशिप, सगळं पार पडलं. गाडी अडली ती शेवटच्या सत्राचा निकाल लागल्यावर. सगळे विषय सुटले होते, पण नावापुढे लिहिलेलं, ‘निकाल राखीव, पात्रता प्रलंबित’.

मी मूळची बेळगावची, बीकॉम धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठातून आलं की इथे महाराष्ट्रात पात्रता प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी मूळ मायग्रेशन, म्हणजे आधीच्या विद्यापीठाने दिलेलं स्थलांतर प्रमाणपत्र, जमा करावं लागतं. ते मी पहिल्याच महिन्यात कॉलेजात दिलं होतं. माझ्याकडे झेरॉक्स होती, पोच नव्हती. तुम्ही असं करू नका. मूळ कागद हातातून सोडताना आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्याच.

विद्यापीठाच्या पात्रता विभागात म्हणाले, फाइल कॉलेजकडून आलेलीच नाही. कॉलेजचं ऑफिस म्हणे, केव्हाच पाठवली, तिकडेच बघा. असे चार महिने गेले. रजा टाकायची, पहाटेची एसटी पकडायची, साडेदहाला खिडकीपुढे उभं राहायचं. आत कपाटावर लाल कापडात बांधलेले गठ्ठे, प्रत्येकावर वर्षाची चिठ्ठी. आमच्या वर्षाचा गठ्ठा मला खिडकीतून दिसायचा. तेवढा उघडून बघा हो, असं मी दर वेळी म्हणायचे आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’ ऐकून परतायचे. शेवटी तर खिडकीवरचे म्हणाले, मायग्रेशन हरवलं असं प्रतिज्ञापत्र करा आणि धारवाडहून दुसरं आणा. माझ्याकडून काहीच हरवलं नव्हतं. कायद्याची पदवी हवी म्हणून खोटं प्रतिज्ञापत्र करायचं? त्या दिवशी जिन्यात बसून रडले. तो राग अजून गेलेला नाही.

वाट दाखवली ती कॉलेजच्या विधी नियतकालिकाचं काम बघणाऱ्या मॅडमनी. ‘तुम्ही माहिती अधिकारावर टिपण लिहिलं होतंत ना आपल्या अंकात? मग अर्ज करा की.’ आमच्याच कॉलेजचे एक माजी विद्यार्थी जिल्हा न्यायालयात वकिली करतात, त्यांनी मसुदा तपासून दिला. मी लिहिलं होतं, ‘फाइल का सापडत नाही?’ त्यांनी ते खोडलं. म्हणाले, कारणं विचारायची नाहीत, नोंदी मागायच्या. मग कॉलेजच्या जावक रजिस्टरच्या आणि विद्यापीठाच्या आवक रजिस्टरच्या त्या महिन्याच्या प्रती मागितल्या. साधा कागद, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला एकोणिसाव्या दिवशी फोन आला, ‘मॅडम, फाइल मिळाली.’ एलएलएमच्या, म्हणजे पदव्युत्तर वर्गाच्या, गठ्ठ्यात बांधली गेली होती!

पुढचं सगळं भराभर झालं. पात्रता, गुणपत्रिका, मग वकिलांची नोंदणी करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचा अर्ज. नोंदणी शुल्क 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 24 मध्ये हेच आकडे आहेत, तरी ठिकठिकाणच्या बार कौन्सिल हजारोंनी घेत. 30 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं. मुद्रांक शुल्क लागेल ते वेगळं.

हे आधीच सांगायला हवं होतं: बीकॉमच्या कागदांवर माहेरचं नाव आणि एलएलबीवर सासरचं असेल, तर राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र पहिल्या वर्षीच फायलीला लावून ठेवा.

सनद हातात आली तेव्हा पहिला फोन मॅडमना केला. आता वकिली करण्यासाठी लागणाऱ्या ऑल इंडिया बार परीक्षेचा अभ्यास सुरू आहे. आमच्या बॅचच्या आणखी दोघांचा निकाल असाच राखीव होता. त्यांना माझ्या अर्जाची प्रत दिली. एकाचा सुटला. दुसऱ्याचा तिसावा दिवस येत्या गुरुवारी आहे.